न मागितलेली आमंत्रणं

मार्गारेटने प्रिंटरमधून मेलवरच्या जाहिरातीचा आणखी एक कागद ओढून काढला, कोपऱ्यात लाल पेनाने तारीख घातली आणि गठ्ठ्यावर आपटला. ‘चांदीपला निसर्गाच्या कुशीत हक्काचा प्लॉट.’ कालही हाच प्लॉट होता, परवाही हाच.

“शाई संपेल,” वाडीतून केळफूल घेऊन आलेला निकोलस दारातूनच म्हणाला.

“संपू दे. दिल्लीवाल्यांना पुरावा लागतो.”

“डिलीट मारायचं आणि सोडून द्यायचं. सगळे तेच करतात.”

“मीही तेच केलं. त्यात काय गेलं ते ठाऊक आहे ना तुम्हाला?”

निकोलसला ठाऊक होतं. त्यांची मुलगी विनी बहारीनला नर्स होती. फोनवर बोलायला जीभ रेटेना, म्हणून तिने मेलमध्ये लिहिलं होतं, की तिथल्याच एका केरळच्या मुलाशी लग्न करायचंय. तुम्ही हो म्हणालात तर वसईच्या चर्चमध्ये, नाहीतर इथेच सह्या करू. जाहिरातींचा ढिगारा एका फटक्यात पुसताना मार्गारेटने तेही पत्र न वाचताच पुसलं. महिनाभराने विनीचा फोन आला तो रडतच. “उत्तर नाही म्हणजे नकार, कळलं मला.” मार्गारेटने खरं ते सांगितलं, तर म्हणाली, “मम्मी, जाहिरातींवर कशाला ढकलतेस?” पोटच्या पोरीने आपल्याला खोटारडी ठरवावं, हे मार्गारेटच्या फार जिव्हारी लागलं होतं. त्या केरळच्या मुलाबद्दल मात्र निकोलस अजून हो की नाही, काहीच बोलला नव्हता.

मग मार्गारेटने पदर खोचला. न मागितलेल्या मेलविरुद्ध दिल्लीच्या सरकारी कार्यालयाला पहिलं पत्र गेलं. अशा मेलसाठी स्वतंत्र कायदा नाही, असं उत्तर आलं. तिने उलट टपाली लिहिलं, ‘नसेल तर करा. तोवर माझी तक्रार फाइलला लावून ठेवा.’ जाहिरातीतल्या नंबरवर फोनही केला. पलीकडची मुलगी मधाळ आवाजात म्हणाली, “मॅडम, तुमचं नाव आमच्या लिस्टमध्ये आहे.” कुणी घातलं, असं विचारल्यावर मधही संपला आणि फोनही.

आज दिल्लीचं दुसरं पत्र आलं होतं. मार्गारेटने ते मोठ्याने वाचलं. मेल पाठवणारा कोण आणि तुमचा पत्ता त्याला कुणी पुरवला, हे ठाऊक असल्यास कळवावं.

निकोलसने केळफूल टेबलावर ठेवलं. मग खुर्ची ओढून बसला.

“सॅन्टनचे प्लॉट आहेत ते,” तो म्हणाला. सॅन्टन म्हणजे त्याच्या बहिणीचा मुलगा.

“आणि माझा पत्ता?”

“मी दिला. सगळ्यांचेच दिले.”

गावात कुणाचंही लग्न निघालं, की घरोघर जाऊन तोंडी आमंत्रण द्यायचा मान निकोलसचा. एक उंबरा चुकला नाही कधी, याचा त्याला केवढा अभिमान. चर्चच्या वर्धापनदिनाला परदेशातल्या पोरांना कळवायचं, म्हणून घराघरातून मेलचे पत्ते त्यानेच गोळा केले होते. सॅन्टन म्हणाला, मामा, लोकांना प्लॉटचं सांगायचंय, आणि मामाने ती यादी हौसेने देऊन टाकली. सॅन्टनकडून ती आणखी कुठे कुठे गेली, देवच जाणे. त्यानंतरच गोखिवऱ्याचे गाळे, स्वस्त कर्जं आणि टकलावरची तेलं मार्गारेटच्या दारात येऊन पडू लागली होती.

“लग्नाचं सांगायला जातो, तेव्हा मी कुठे विचारतो, येऊ का म्हणून?”

“तेव्हा तुम्ही दारात उभे असता. कुणी नको म्हटलं तर तुम्हाला ऐकू येतं.”

मार्गारेटने कोरा कागद घेतला.

“बहीण काय म्हणेल माझी?” त्याने विचारलं.

“तिला मी सांगेन. मी कुणाला भीत नाही.”

पाठवणाऱ्याच्या जागी तिने सॅन्टनचं नाव लिहिलं. पत्ता पुरवणाऱ्याच्या जागी निकोलसचं लिहिलं आणि पुढे ठळक अक्षरांत, माझे पती. खाडाखोड केली नाही. “याची एक प्रत विनीला जाणार आहे,” ती म्हणाली. “तिला कळू दे, आई खोटं बोलत नव्हती.”

आता निकोलस कागद हिसकावणार, असं तिला वाटलं. पण त्याने पेन मागितलं, स्वतःच्या नावाखाली सही केली, मोबाइलवर कागदाचा फोटो काढला आणि उठून कॉम्प्युटरपाशी जाऊन बसला.

“विनीची प्रत मी मेलने पाठवतो. वरती विषय काय घालू? नाहीतर तीही जाहिरात समजून उडवायची.”

“तुमचं तुम्ही ठरवा.”

तो एका बोटाने अक्षरं शोधत राहिला. मार्गारेट दिल्लीच्या पाकिटाला डिंक लावता लावता त्याच्या खांद्यावरून डोकावली. इंग्रजी अक्षरांत त्याने विषय लिहिला होता, ‘पप्पांची चूक’. आणि खाली, एवढ्या मोठ्या पांढऱ्या जागेत, एकच शब्द.

‘हो.’