एका डब्यात दोन रोपं

त्या संध्याकाळीही आप्पासाहेब परसातच होते. सून चांगुणा फुलकोबीची पानं वर ओढून धरत होती आणि ते सुतळीने बांधत होते. ऊन लागलं की गड्डा पिवळा पडतो, म्हणून त्याच्याच पानांनी त्याला झाकायचं. एकाहत्तर सालच्या त्या हिवाळ्यात कोल्हारात परसात फुलकोबी लावणारे आप्पा एकटेच. बी राहुरीहून आणलेलं. अर्धी रोपं जमिनीत, सुनेकडे. अर्धी तेलाच्या रिकाम्या डब्यांत, लेकीकडे.

"लई आवळू नगं. वारं लागू दे त्याला."

"मामा, तुमच्या लेकाच्या पटक्यापरीस बरं बांधलंय. त्यो तर रस्त्यातच सुटतो."

आप्पा पोट धरून हसले.

ओट्यावर मुलांचे पेपर तपासत बसलेल्या वत्सलाला ते हसू झोंबलं. आपल्याशी बोलताना ते असे कधी हसले होते? तिच्या डब्यांतले गड्डे सुपारीएवढेच राहिले होते. एकेका डब्यात तिने दोन-दोन रोपं ठेवली होती. एक उपटून टाकायला हात धजेना, आणि आता मुळांना जागाच उरली नव्हती. आप्पांनी येता-जाता ते पाहिलं असणार. बोलले मात्र नाहीत. "आमच्या मास्तरीणबाईला म्या काय सांगावं? तिनं पेटीभर बुकं वाचल्यात," असं ते चारचौघांत अभिमानाने सांगत. दर वेळी तिला वाटे, आपल्याला उंबऱ्यातूनच परत पाठवलं.

"वन्सं, या की हिकडं," चांगुणाने हाक मारली.

"मला कामं आहेत," वत्सला म्हणाली. पेपर केव्हाच तपासून झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा उठलेच नाहीत.

दहाव्याला प्रवरेच्या काठी पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसून राहिले, एकही शिवेना. "कशात तरी जीव अडकलाय," भावकीतलं कुणीतरी म्हणालं. मग एकेक जण पुढे होऊन शब्द देऊ लागला. वत्सलाचा भाऊ गोरक्षनाथ म्हणाला, "आप्पा, बांधावरनं कुणाशी भांडणार न्हाई." कावळे ढिम्म. चांगुणा पदर सावरत पुढे झाली. "मामा, फ्लावरची पानं मी रोज बघीन."

एक कावळा खालच्या फांदीवर उतरला.

"सुनंतच जीव हुता बघा," मागे बायका कुजबुजल्या.

वत्सलाने ते ऐकलं. गेल्यावरसुद्धा आप्पांना तीच हवी? कावळा पुन्हा वर उडाला तेव्हा तिला बरं वाटलं, आणि तसं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

"वत्सा, आता तू," गोरक्षनाथ हलकेच म्हणाला. "माझी काळजी करू नका, म्हन. बिनलग्नाची लेक तू, त्यातच जीव अडकला असंल."

ती पिंडासमोर उभी राहिली. हात जोडले. सांगितलेलं वाक्य ओठांवर येईना.

"आप्पा, मला ते फ्लावरचं येत नव्हतं हो," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तुम्ही वहिनीला शिकवायचा, तेव्हा मला तिचा हेवा वाटायचा. मलासुद्धा तुमच्याकडूनच शिकायचं होतं."