कोरड्या कपाशीतला अजगर

मोतीरामला धरणाच्या फुगवट्यावर अजगर सापडला, आणि आमच्या मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, झोप उडाली. अजगराच्या भीतीनं नव्हे. पंचायतीनं मोतीरामला शाल-श्रीफळ दिलं, चौकात त्याचा फ्लेक्स लागला, आणि गळ्यात अजगर घालून हसणारा मोतीराम आमच्या मालकांना रोज डेअरीवर दूध घालायला जाताना दिसू लागला. दोघं एकाच वर्गात, एकाच वर्षी नापास झालेले. आता तो फ्लेक्सवर आणि आपण खाली, हे यांना कसं सोसावं?

तर त्या दिवशी सकाळी कपाशी वेचताना बांधावर, उंदरांच्या बिळापाशी, एक जनावर दिसलं. जाडजूड, तपकिरी, थंडीनं गारठलेलं. मालकांनी काठीनं लोटत लोटत ते युरियाच्या रिकाम्या गोणीत घातलं आणि तोंडाला सुतळी आवळली.

"अजगराचं पिल्लू घावलं," ते म्हणाले. मलाही ते तसंच वाटलं. अजगर मी त्या फ्लेक्सवरच पाहिला होता.

दुपारपर्यंत सरपंच काकासाहेबांनी मारुतीच्या पारावर टेबल मांडलं, हार मागवला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. आमचे मालक पुतण्याच्या लग्नातला फेटा बांधून गोणीशेजारी जाऊन बसले.

मी घरून फारूखला फोन लावला. हा पडेगावचा सर्पमित्र. मोतीरामचा अजगर यानंच नेऊन जंगलात सोडला होता. हेही जनावर घेऊन जा म्हणावं, एवढंच माझ्या मनात होतं.

"कुठं मिळालं, भाभी?"

"कपाशीत. बांधावर."

"जवळ पाणी हाय?"

"पाणी कुठलं? विहिरीनं तळ गाठलाय."

तो मग म्हणाला, "भाभी, अजगराचा बी मुलूख असतो. गौताळ्याचं जंगल, नदीकाठ, नाय तर धरणाचा फुगवटा. मोतीरामभाऊचा पाण्याकडून आला. तुमच्या कोरड्या कपाशीत पिल्लू कोण आणून टाकणार? अन् पिल्लं पावसाळ्यात निघतात, थंडीत नाय. अंगावर ठिपके कसे हाय? फाटके-तुटके, का एकसारखे?"

"एकसारखे. गोल. ओळीनं, साखळीवाणी."

"ती घोणस हाय," फारूख म्हणाला. "गोणीला हात लावू देऊ नका. दात गोणीतून बी लागतात. मी निघालो."

मी पायात चप्पल न घालता पळाले. घोणस म्हणजे काय हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. माझा चुलत दीर घोणशीनंच गेला, शहरातल्या दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचला नाही.

पारावर माणसं जमली होती. मालकांच्या गळ्यात हार पडला होता, गोणी मांडीवर होती. समोरच मोतीराम तंबाखू मळत उभा. मी मालकांच्या कानाशी वाकले आणि फारूख काय म्हणाला ते सांगितलं.

त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "पडेगावात बसून त्याला दिसलं व्हय? का मोतीरामनं पढवलं तुला?"

"लई वेळ झाला, सांडूभाऊ," काकासाहेब यांना म्हणाले. "काढा बाहेर. गळ्यात घाला, फोटो व्हऊन जाऊ द्या."

गोणी हलली. आतून कुकरची शिट्टी अडकल्यासारखा आवाज आला, आणि तो थांबेचना. लोक हसले. मालकही हसले आणि सुतळीची गाठ शोधू लागले.

गोणी हिसकावली तर घोणस त्यांच्या मांडीतच दात रोवणार. ओरडले तर हा माणूस मुद्दाम उघडणार. एवढा संसार केला, नको म्हटलेलं काम यांनी आधी केलं नाही असं एकदाही झालं नाही. मग जे सुचलं ते केलं. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले, मंगळसूत्र मागं सारलं आणि मान पुढं केली.

"आधी माझ्या गळ्यात घाला."

"तुला कशाला?"

"सत्कार जोडीनं असतो ना? गरीब जनावर हाय म्हणता, मग घाला की."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. "वहिनींचं खरं हाय," कुणीतरी म्हणालं. मालकांनी सुतळीचा एक वेढा सोडला. मी हलले नाही. मला हलताच येत नव्हतं. त्यांनी दुसऱ्या वेढ्याला हात घातला आणि माझ्या मानेकडं पाहिलं.

हात तिथंच थांबला.

"घाल ना, सांडू," मोतीराम म्हणाला. "भ्यालास का?"

मालकांनी सुतळी परत गुंडाळली. गोणी दोन्ही हातांनी गाठीपाशी धरून, अंगापासून लांब, हळूच पारावर ठेवली. वर पारापाशी पडलेलं घमेलं पालथं घातलं, त्यावर दगड ठेवला. मोतीराम खो खो हसला. यांनी त्याला हसू दिलं.

फारूख आला तेव्हा उन्हं कलली होती. त्यानं सगळ्यांना मागं सारलं, लांब आकड्यानं जनावर गोणीच्या तळाशी दाबून धरलं, गाठ सोडली आणि गोणीचं तोंड प्लॅस्टिकच्या मोठ्या बरणीवर धरलं. घोणस आत पडली आणि पडताक्षणी तिनं बरणीला दात मारला. पिवळसर थेंब आतून ओघळत खाली आले. मोतीराम केव्हा घरी गेला ते कुणाला कळलं नाही.

घरी आल्यावर मी यांना मनसोक्त झापलं. चूल पेटवली, पीठ मळलं, तोंड चालूच होतं. ते फेटा मांडीवर घेऊन बसले होते.

"तुमच्या त्या मोतीरामपायी मेला असतात," मी म्हणाले. "फारूखचं खरं वाटलं नाय, मग गाठ का बांधली परत?"

"तुझी मान बघितली," ते म्हणाले. "तवा वाटलं, नसलं अजगर तर?"

"अन् मी नसते आले मधी?"

"माझ्या गळ्यात तर घालणारच व्हतो. तवा नव्हतं वाटलं काही."

भाकरी तव्यावर करपत होती. मला उलथता येईना. मी तिथंच बसून रडले.