बरणीतली काळी खरबी

सोमवारी सकाळी प्रज्ञा तोंडही न धुता खिडकीतल्या बरण्यांपाशी गेली, आणि तिची काळी खरबी जागेवर नव्हती.

बरण्या दोन्ही होत्या. दोन्हींत मासेही होते. पण दोन्ही मासे पट्ट्यापट्ट्यांचे, मातकट, बोटाएवढे. कालपर्यंत उजवीकडच्या बरणीत तव्याच्या बुडासारखा काळाकुट्ट मासा शिंपल्याखाली दबा धरून बसलेला होता.

खरबी हा तसा साधा मासा. ओहोटीला दगडांमध्ये जी डबकी राहतात, त्यांत असतो. पोटाखालचे दोन पर जुळून त्याची वाटी झालेली असते, ती दगडाला चिकटवून लाटेत टिकून राहतो. सुरतेजवळ डुमसच्या किनाऱ्यापुढे जुन्या दगडी बंधाऱ्याच्या पायथ्याशी अशी वीस-बावीस डबकी होती. त्यांतले लहान मासे ओळखून त्यांची यादी करायचं काम कॉलेजच्या अमृता मॅडमनी घेतलं होतं. हाताखाली दोघं, प्रज्ञा आणि शुभम. चार महिन्यांत यादी अकरा जातींवर येऊन अडली. दुसऱ्या टप्प्यात दोघांपैकी एकालाच ठेवायचं होतं. "बारावी जात जो आणेल तो राहील," असं मॅडम एकदा हसत म्हणाल्या होत्या, आणि मागच्या आठवड्यात न हसता म्हणाल्या.

रविवारी प्रज्ञाला काळी खरबी सापडली. पाठीवरचे पर मोजले, काटे मोजले, सगळं यादीतल्या चौथ्या नंबरच्या पट्ट्यांच्या खरबीसारखंच होतं. पण रंग पार वेगळा, आणि जबडाही थोराड वाटला. कॉलेज बंद, म्हणून मासा शहरात गोडादऱ्याला घरी आणला. शेजारी ताडून बघायला पट्ट्यांची एक आणली. पद्धत ठरलेली: एका बरणीत एकच मासा, ज्याच्याखाली सापडला ते शिंपलं सोबत, आणि पाण्यात पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी, कारण शाई फुटते. आज अकरा वाजता मॅडमना जिवंत दाखवायचा होता.

"माय, बरण्या तू बदलल्या का?"

चंद्रभागाबाई साडीवर टिकल्या लावत बसल्या होत्या. दारात दुसऱ्या सतरा साड्या पडल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मी कशाले बदलू वं? तुना मासाले मी हात बी लाया नही."

"मग काळा कुठे गेला?"

"माले काय ठाऊक. फिरायले गया आसंन."

"माय, मस्करी नको. अकराला मॅडम आहेत."

आता चंद्रभागाबाईंनी सुई थांबवली. "शिंपलं तेवढं काढं व्हतं, काल संध्याकाळले. वास मारी ऱ्हायनं व्हतं. मधल्या अंगाले कायबाय चिकटेल व्हतं. घासी-घुसी चोख्खं करी दिधं. ते बघ, वाळत ठेयेल शे."

शिंपलं खिडकीच्या कडेला पालथं होतं. प्रज्ञानं उलटून पाहिलं. आतून बशीसारखं पांढरं, लखलखीत. साबणाचा वास येत होता.

तिनं मोबाइलमधले कालचे फोटो काढले. काळ्या माशाच्या शेपटीला वरच्या बाजूनं एक चीर होती, कुणीतरी चावल्यासारखी. मग ती उजव्या बरणीसमोर गुडघ्यांवर बसली. मासा काचेला पोट लावून चिकटला होता. पट्टे स्पष्ट. शेपटीला वरच्या बाजूनं चीर.

ती पुन्हा फोटोकडे, पुन्हा बरणीकडे बघत राहिली. तोच मासा होता. कुणीही काहीही बदललं नव्हतं. मासाच उतरला होता, कच्च्या रंगाची साडी पहिल्या धुण्यात उतरते तसा.

"काय व्हयनं?" आईनं विचारलं.

"हा काळ्या जातीचा नाहीच, माय. चौथ्या नंबरचाच आहे. नर आहे. अंडी राखायला बसला की काळा होतो, वाचलेलं मला काल सुचलंच नाही. शिंपल्याला लागलेलं ते..." ती थांबली. "त्याच्याजवळ काही उरलं नाही, म्हणून रंग गेला."

चंद्रभागाबाईंना त्यातलं निम्मंच पोचलं. पोरीचं काम जातंय, एवढं मात्र बरोबर पोचलं.

"काळा व्हता तव्हाचा फोटू शे ना तुनापाशी?"

"आहे."

"मग तोच दाखव. म्हनाव, मासा मरी गया. मासा मरतस नही का?"

आई म्हणत होती तसं करणं सोपं होतं. फोटो चांगले आले होते, आणि मासा मोरीत ओतायला दोन मिनिटंसुद्धा लागली नसती. मॅडमनी विश्वास ठेवला असता, कारण आजवर तिची एक नोंद खोटी निघाली नव्हती. ती उठली, तोंड धुतलं, केस बांधले. मग मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं, शेपटीच्या चिरेपासून शिंपल्यापर्यंत.

मॅडमनी एवढंच विचारलं,

"अंड्यांचा फोटो?"

"नाही, मॅडम. मी शिंपलं उलटून पाहिलंच नव्हतं. माझी चूक."

"पाहिली कुणी?"

"आईनं. पण तिला ती घाण वाटली."

"आईंना दे फोन."

चंद्रभागाबाईंनी हात पदराला पुसून फोन घेतला आणि बाहेरच्या माणसांशी बोलायचं मराठी काढलं. "हा, मॅडम. नमस्कार. माझ्याच्यानं चूक झाली, पोरीचं काही नाही."

"चूक राहू द्या. तुम्हाला काय दिसलं ते सांगा."

"साबुदाण्यासारखं होतं. पण साबुदाण्याहून खूप बारीक. गोल नाही, लांबट. उभं चिकटलेलं, एकाला एक लागून. आम्ही टिकली भरतो ना दाट, मधे जागा न सोडता, तसं. अर्ध्या शिंपल्यात होतं, अर्धं मोकळं."

"रंग?"

"पाण्यासारखं. आरपार दिसायचं. आणि टोकाला प्रत्येकाच्या दोन काळे ठिपके. अगदी सुईच्या..."

चंद्रभागाबाई बोलायच्या थांबल्या. टिकल्यांच्या कामात त्यांची नजर फार पक्की झाली होती. काल जे बघून न बघितल्यासारखं केलं होतं, ते आज पुरतं दिसलं.

"डोळे व्हतात ते," त्या हळूच म्हणाल्या, कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

पलीकडून मॅडमचा आवाज आला, "एक-दोन दिवसांत फुटणार होती. प्रज्ञाला द्या."

प्रज्ञानं फोन घेतला. यादी अकराचीच राहील, मॅडम म्हणाल्या. अंड्यांची गोष्ट पुराव्याशिवाय लिहिता येणार नाही. पुढच्या टप्प्यासाठी आता शुभमचंच नाव द्यावं लागेल. कामाला तो सोपा आहे, मोटारसायकल आहे त्याच्याकडे. "तू फोन केलास ते बरं केलंस," असंही म्हणाल्या. प्रज्ञानं "हो, मॅडम" म्हटलं आणि फोन ठेवला.

तिनं बरणीतली चिठ्ठी चिमट्यानं काढली. 'बारा?' असं होतं, ते खोडून 'चार, नर' असं लिहिलं आणि चिठ्ठी परत पाण्यात सोडली. दुपारी ओहोटी होती. निघायला हवं होतं.

चंद्रभागाबाई मांडीवरची साडी बाजूला सारून उठल्या आणि चपला शोधू लागल्या.

"तू कुठे?"

"येस मी बी."

"एवढ्या साड्या राहिल्यात ना? शेठ बोंबलेल."

"बोंबलू दे." त्यांनी उजवीकडची बरणी उचलली, दोन्ही हातांनी, पाणी हिंदकळू नये अशी. "याले कोनता दगडखाले सोडनं ते तू दाखवजो. बसमा मी धरी बससू."