फुली मारलेल्या प्लेटा

माझ्या नवऱ्याने मेट्रनबाईंना फोनवर सांगितलं, "गाडीत काही दोष नाही, बाई. हिचा हातच जड आहे." मी बाकीच्या परिचारिकांबरोबर बाईंच्या टेबलासमोरच उभी होते आणि फोन स्पीकरवर होता.

मी घरोघर जाणारी परिचारिका. अंथरुणाला खिळलेल्यांची मलमपट्टी, इंजेक्शनं, नळ्या बदलणं, अशी दिवसाला अकरा-बारा घरं, आणि सगळी मोटरसायकलवर. शुक्रवारी चौकात थांबले होते. गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लच मुठीत पूर्ण दाबलेला. ब्रेकवरची बोटं जराशी सैल झाली आणि क्लच दाबलेला असूनही गाडी पुढे सरकली. समोरून जाणाऱ्या आजोबांच्या पोटरीला चाक लागलं. ते पडले, कोपर खरचटलं, पट्टी मीच बांधली. त्यांनी तक्रार केली, त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

मेट्रनबाईंनी माझ्या नवऱ्याला विचारलं, कारण गाडीच्या बाबतीत गावात त्याचा शब्द शेवटचा. लोक त्याला 'फुलीवाले' म्हणतात. गाडीतून जुना भाग काढला की तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत छिन्नीने त्यावर फुली मारतो, म्हणजे तो भाग पुन्हा कुणाच्या गाडीत जायला नको. या एका फुलीवर त्याचं दुकान चालतं. असा माणूस म्हणाला बायकोचा हात जड, म्हणजे जडच.

"सोमवारी दहा वाजता आवारात मला गाडी चालवून दाखवा," बाई म्हणाल्या. "नाही जमली तर फिरती बंद. औषधांच्या कोठीत बसा."

आठ वर्षं मी ही फिरती केली. पाठीला जखम झालेली एक आजी माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही. कोठीत बसून मी काय बाटल्यांवरची धूळ पुसू?

घरी आल्यावर मी त्याला म्हणाले, "चार महिने सांगतेय, क्लच सुटत नाही. थांबलं की न्यूट्रल लागत नाही, गिअर टाकताना पाय दुखतो. एकदा उघडून तरी बघा."

तो जेवत होता. उठला, हात धुतला, क्लचच्या केबलचा नट दोन आटे फिरवला आणि परत ताटावर बसला. "झालं. आता तूच शिक. नाचता येईना, अंगण वाकडं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रविवारी तो दुकानात गेला तसा मी गाडी ढकलत पुलाजवळच्या दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. त्याने माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि हात मागे घेतले. "वहिनी, तुमची गाडी मी उघडली तर उद्या त्यांना तोंड कसं दाखवू?" म्हणजे नवरा करणार नाही आणि नवऱ्याच्या धाकाने बाकीचेही करणार नाहीत. उत्तम.

तिथून स्पेअर पार्टवाल्याकडे गेले आणि क्लचचा सेट मागितला. त्याने खोकं पुढे ठेवलं, पण हात त्यावरून काढला नाही. "ताई, चार महिन्यांपूर्वी हाच सेट नेला होतात. एवढ्यात गेला?"

"हात जड आहे ना माझा," मी म्हणाले आणि पैसे देऊन खोकं उचललं.

पण त्याचा प्रश्न डोक्यातून जाईना. चार महिन्यांपूर्वी माझा क्लच घसरत होता, म्हणून मीच सेट आणून नवऱ्याच्या हातात दिला होता. दोन दिवसांनी तो फडक्याला हात पुसत घरी आला. "टाकला तुझा सेट," म्हणाला. मी त्याला चहा करून दिला होता. आणि गाडी तेव्हापासूनच अडायला लागली होती.

आमचं दुकान पहिली सहा वर्षं घराच्या पुढच्या खोलीत होतं. बॅटरी धरायला मी, प्लेटा रॉकेलमध्ये धुवायला मी, हरवलेला स्क्रू पलंगाखालून काढायला मी. क्लच कसा उघडतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि शिकवायची गरजही नव्हती. मागच्या दारी पोतं अंथरलं, ऑइल काढलं, उजव्या बाजूचं झाकण उघडलं. चार स्प्रिंगांचे बोल्ट थोडे थोडे, आलटून पालटून सैल केले. प्रेशर प्लेट निघाली, मग एकामागून एक बाकीच्या. एक अस्तराची, एक स्टीलची, पुन्हा एक अस्तराची.

स्टीलच्या प्लेटा तापून निळ्या पडल्या होत्या. कपाटाची काच काढून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली आणि एकेक प्लेट तिच्यावर टाकली. चारांतल्या तीन टकटक डुलल्या. वाकड्या प्लेटा एकमेकींना सोडत नाहीत, मग क्लच कितीही दाबा, चाक ओढलं जाणारच.

म्हणजे अंगण वाकडंच होतं.

चौथी फडक्याने पुसताना बोटाला काहीतरी खुपलं. उजेडात धरली. फुली होती. बाकीच्या पुसल्या. चारही प्लेटांवर फुल्या, नवऱ्याच्या हातच्या, डावी रेघ जरा लांब. छिन्नीने धातू वर आला होता तो घासायचेही कष्ट घेतले नव्हते.

मी ओट्याला टेकून उभी राहिले. वाईट वाटलं असं म्हणणार नाही. राग आला, इतका की दात दुखायला लागले. नवा सेट कुणाच्या तरी गाडीत गेला आणि भंगाराच्या डब्यातला माझ्या गाडीत आला. ज्या फुलीसाठी गाव त्याला मान देतं, त्याच फुल्या घेऊन मी चार महिने हिंडत होते. वर हात जड.

नव्या प्लेटा दोन तास ऑइलमध्ये बुडवून ठेवल्या. तोवर क्लचच्या डब्याच्या कडांवर पडलेल्या खाचा बारीक कानशीने घासून सपाट केल्या. सगळं जागेवर बसवलं, नवं गॅसकेट लावलं, ऑइल भरलं, लिव्हरला थोडी ढील ठेवली. किक मारली. क्लच दाबून पहिला गिअर टाकला, गाडी जागची हलली नाही. पायाच्या नुसत्या अंगठ्याने गिअरची दांडी उचलली तर न्यूट्रल लागलं.

जुन्या प्लेटा वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि दुकानात गेले.

रविवारी संध्याकाळी तिथे गर्दी असते. पाच-सहा गिऱ्हाइकं होती. नवरा एका माणसापुढे जुनी चकती धरून म्हणत होता, "बघा साहेब, मारली फुली. आता ही पुन्हा कुणाच्या गाडीत जाणार नाही."

मी कागद त्याच्या पुढ्यात उघडला. "या कुणाच्या?"

त्याने बघितलं. ओळखायला वेळ लागला नाही. "आपण घरी बोलू," तो हळूच म्हणाला.

"घरी तुम्ही जेवत असता. माझा सेट कुठे गेला?"

"अगं, गिऱ्हाईक उभं होतं. त्याला परगावी जायचं होतं. तू घरचीच. तात्पुरत्या टाकल्या होत्या, तुझ्या जुन्यांपेक्षा बऱ्याच होत्या. मग राहून गेलं."

"राहून गेलं ते गेलं. मेट्रनबाईंना काय सांगितलंत?"

गिऱ्हाइकं आता उघड उघड ऐकत होती.

"फोन लावा," मी म्हणाले.

"आत्ता? इथे?"

"मीसुद्धा चारचौघांतच ऐकलं होतं. स्पीकरवर लावा."

त्याने हात पुसले. पुन्हा पुसले. फोन लावला. "बाई, मी बोलतोय. ते कालचं. गाडीत दोष होता."

"कोणाचा?" पलीकडून बाईंनी विचारलं. मला विचारायची वेळच आली नाही.

"माझा," तो म्हणाला. "खराब प्लेटा मीच टाकल्या होत्या. तिचा हात चांगला आहे."

"बरं," बाई म्हणाल्या. "तरी उद्या दहाला येऊ दे त्यांना. बघते मी त्यांचं चालवणं."

"येईन," मी म्हणाले. फोन बंद झाला. नवरा कागदावरच्या प्लेटांकडे बघत राहिला. बाकावरचा एक माणूस गुपचूप उठला, आपल्या गाडीपाशी गेला आणि वाकून क्लचच्या झाकणाकडे निरखून बघायला लागला.

"दादा, तुमची नका बघू," मी त्याला म्हणाले. "गिऱ्हाइकाला ते कधीच फसवत नाहीत."