मामांचे सात फोटो

मामांची रक्त तपासायची लॅब होती आणि लॅबच्या वेबसाइटवर मामांचे सात फोटो एकामागून एक सरकत यायचे. काउंटर आणि वेबसाइट दोन्ही भाचीच्या गळ्यात. तीन महिन्यांपूर्वी तिने मामांना सांगितलं होतं, की वेबसाइटच्या सॉफ्टवेअरला भगदाड आहे. फोटो चढवायच्या जागेतून कुणीही स्वतःचा प्रोग्राम आत सोडेल आणि आपला सर्व्हर तो निमूटपणे चालवेल. नवी आवृत्ती फुकट होती. फक्त तिच्यात फोटो सरकवायची जुनी सोय चालणार नव्हती.

"चालतंय ना? मग हात लावू नकोस," मामा म्हणाले.

तिने आणखी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मामांनी कोणता फोटो आधी यावा यावर तासभर खल केला. आता अशा माणसापुढे डोकं किती फोडायचं?

सोमवारी त्याच भगदाडातून कुणीतरी घुसलं आणि सगळ्या पेशंटचे रिपोर्ट नावानिशी इंटरनेटवर टाकून मोकळं झालं. मामांनी लगेच फर्मान काढलं: विचारलं तर मशीन बिघडलंय म्हणायचं, रिपोर्ट सुरक्षित आहेत म्हणायचं. भाचीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. निस्तरायचं तिने आणि वर खोटंही तिनेच बोलायचं. आईचा भाऊ म्हणून किती गिळायचं?

अकराच्या सुमारास काउंटरवर एक शिंपीणबाई आली. आपला रिपोर्ट सुरक्षित आहे ना, असं तिने दबक्या आवाजात विचारलं. रिपोर्टमध्ये काय आलंय ते तिने घरी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. मागे उभ्या मामांनी घसा खाकरला.

"नाही," भाची म्हणाली. "तुमचाही बाहेर गेलाय. घरच्यांना दुसरीकडून कळायच्या आत तुम्हीच सांगा."

मामांनी तिचा दंड धरला. तिने तो झटकला आणि तीन महिन्यांचं सगळं त्या बाईसमोर ओकून टाकलं. तीनदा सांगितलं होतं. ते सात फोटो. ती फुकटची आवृत्ती. मामांचा चेहरा पडला, तसं तिला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

शिंपीणबाईने सगळं ऐकून घेतलं. मामांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

"मी मागच्या आठवड्यात आले होते," ती भाचीला म्हणाली. "नाव, पत्ता तुम्हीच लिहून घेतलात. तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

"होतं," भाची म्हणाली.