बिनसाबणाचं घर

समाधान तायडेने घरातून साबण हद्दपार केला, ते वर्ष त्याच्या घसघशीत पगारवाढीचं होतं. पोट भरलं की माणसाला निसर्ग आठवतो, असं आता तो स्वतःच म्हणतो. तेव्हा कुणी म्हटलं असतं तर त्याला रिठ्याचे फायदे ऐकून घ्यावे लागले असते.

पुण्यात खराडीतल्या कंपनीत तो टीम लीड होता. वाघोलीच्या पुढे एका शेतावर ‘नैसर्गिक जीवनशैली’चं दोन दिवसांचं शिबिर करून आला आणि घरात डबे वाढू लागले. मुलतानी माती, शिकेकाई, कडुनिंबाची पूड. भांडी घासायला राख आणि दात घासायला राखुंडी. राखेसाठी गोवऱ्या ऑनलाइन मागवल्या होत्या. खोक्यावर ‘नाजूक माल, जपून हाताळा’ असं छापलेलं होतं, आणि समाधानने ते खोकं खरोखरच जपून उघडलं होतं.

“तुला काय फासायचं ते फास,” त्याची बायको चैताली म्हणाली. “माझा शांपू माझ्या कपाटात राहील. किल्ली माझ्याकडे.”

समाधानचा विशेष भरवसा तुरटीवर होता. काखेत तुरटी फिरवली की दिवसभर बघायला नको, असं तो चारचौघांत सांगे. पुढे ऑफिसच्या मीटिंगमध्ये त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. टीमवर आपला वचक बसला, असा अर्थ त्याने काढला.

अशा घरात त्याची आई राहायला आली. कौशल्याबाई अकोल्याच्या सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या होत्या. समाधानचे वडील गेल्यापासून त्या तिथे एकट्याच. गेल्या हिवाळ्यात त्या न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि दुपारपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून समाधानच्या जिवाला घोर लागला होता. कितीदा विनवल्यावर त्या एवढंच म्हणाल्या होत्या, “राहून पायते. मग सांगते.” आई कायमची पुण्याला यावी, याहून मोठी इच्छा त्याला तेव्हा नव्हती. आणि ती इच्छा आपण राखुंडीच्या जोरावर पुरी करून घेऊ, अशी त्याची खात्री होती. आईचं लहानपण खेड्यातलं. हे सगळं बघून तिला माहेरी आल्यासारखं वाटेल, असा हिशेब.

त्यामुळे आई आली त्याच दिवशी त्याने तिच्या पिशवीतली साबणाची नवी वडी काढली आणि हसत हसत वॉचमनला देऊन टाकली. “आता हे विष नाही लावायचं आई,” तो म्हणाला आणि बेसन-हळदीची वाटी तिच्या हातात दिली. आई वाटीकडे बघत राहिली. तिला भरून आलं, असं समाधानला वाटलं. भरून आलं होतं खरं, पण का ते विचारायचं त्याला सुचलं नाही.

आठवडाभर आई गप्प गप्प होती. सकाळी उठून भाजी आणायला म्हणून बाहेर पडायची ती तासाभराने यायची, आणि भाजी बहुधा नसायचीच. इकडे समाधानने सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी कार्यक्रम ठरवला. नाव ‘आईच्या आठवणीतली न्हाणी’. आई पाटावर बसून राख, माती, शिकेकाईचं महत्त्व सांगणार, तो शेजारी उभा राहून समजावणार. शुक्रवारी रात्री जेवताना त्याने हे जाहीर केलं.

आईने हात धुतला. “बापू, माहं परतीचं तिकीट काढ,” ती म्हणाली आणि आत जाऊन पडली.

समाधानने आधी चैतालीवर संशय घेतला. “तू काही बोललीस का तिला?”

“मी काही बोलले नाही,” चैताली म्हणाली. “तूच एवढा बोलतोस की दुसऱ्याला जागा उरत नाही.”

आई शेजारच्या प्रेमलाकाकूंकडे जाऊन बसते, एवढं त्याला ठाऊक होतं. काकू नारायण पेठेतून खराडीला आलेल्या. बोलणं मात्र तिथलंच राहिलं होतं. शनिवारी सकाळी उठल्या उठल्या तो त्यांच्या दारात गेला.

“आत या. दारात उभं राहायला तुम्ही काय कुरिअर घेऊन आलायत?” काकू म्हणाल्या.

तो आत गेला आणि आई काय म्हणते, हे विचारणार तेवढ्यात मागून आईच आली. हातात भाजीची पिशवी. पिशवीत टॉवेल आणि घडी घातलेलं लुगडं.

“या कौशल्याताई, गीझर लावलाय,” काकू म्हणाल्या. मग समाधानकडे वळल्या. “आठवडा झाला, रोज इथेच अंघोळ करतात. साबण त्यांनी आणलेला, पाणी आमचं. तुमच्याकडे पाण्याची कपात आहे का हो, तायडे?”

समाधान मान खाली घालून आईला घरी घेऊन आला. आई सोफ्यावर बसली. पिशवी मांडीवरच होती.

“आई, मला सांगायचं तरी.”

“काय सांगू? सुनेपुढे सांगायची मलेच लाज वाटे.” तिने पिशवीतून डोकावणारा टॉवेल आत सारला. “आमच्या घरी साबण नव्हता रे. माही माय राखीनं भांडे घासे अन् राखीनंच आमचे दात. मातीनं डोकं धुवे. तू हौसेनं करतं ना, ते समदं आमी नाइलाजानं केलं. शाळेत मले मागं, दारापाशी बसवत. बाई म्हणे, वास येते. वास काऊन येईन? रोज नदीवर न्हायाची मी. साबणाचा वास येत नव्हता, एवढंच.”

समाधान तिच्यासमोर जमिनीवर बसला.

“नोकरी लागली अन् पयला पगार झाला, त्या दिवशी वासाचा साबण आणला. माह्या बापानं तो हातात घेतला अन् नुसता हुंगत बसला. लावला नाही. मंग तू झाला. तुले रोज घासून घासून शाळेत पाठवलं, माह्या पोराले कोणी दारापाशी बसवू नये म्हणून. अन् तू म्हणतं, उद्या लोकाईसमोर पाटावर बसून राखीचं कौतुक सांग.”

समाधानला रिठ्याचे सगळे फायदे तोंडपाठ होते. एकही आठवेना. आपण किती मूर्ख आहोत, हे त्याला आयुष्यात प्रथमच कुणी न सांगता समजलं, आणि फार वाईट वाटलं. तो चपला घालून खाली गेला, कोपऱ्यावरच्या दुकानातून साबणाच्या वड्या घेऊन आला आणि आईपुढे ठेवल्या. हॉलचं बुकिंग त्याने जिन्यातच फोनवरून रद्द केलं होतं.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. “आई, राहशील ना?”

आईने एक वडी उचलली, वास घेतला, वेष्टण काढलं आणि ती त्याच्याच हातात दिली.

“आधी तू न्हाऊन ये. मंग बोलू.”

एक्केचाळीस वर्षांचा टीम लीड निमूटपणे बाथरूममध्ये गेला. बराच वेळ तो अंगाला साबण चोळत होता. डोळे चुरचुरत होते, त्यात साबणाचा दोष निम्माच होता. तेवढ्यात दारावर थाप पडली.

“कानामागं घास,” आई बाहेरून म्हणाली. “अन् काखीत दोनदा लाव. आली तवापासून सांगीन म्हणत होती.”

“हो.”

“अन् आटप लवकर. मलेही न्हायचं आहे.”