शनीची शेवटची रेघ

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे आणि माझं आता काही खरं नाही.

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकाकांनी मला घरीच घडवलं. मागच्या खोलीत पिंपावर एक काच ठेवून, पिंपाभोवती फिरत, तिच्यावर दुसरी काच घासत त्यांनी प्रकाश गोळा करणारा माझा आरसा केला. शेजारी हसायचे, की पेंटर काच घासतोय की डोकं. संध्याकाळी गच्चीवर मला डोळा लावून ते शनीचं चित्र काढत. आधी पेन्सिलीने गोळा, मग कडं, मग बोटाने हळूच सावली. पृथ्वीवरून पाहताना शनीचं कडं काही वर्षं मिटत जातं, मग पुन्हा उघडतं. पूर्ण उघड्या कड्यापासून नुसती रेघ उरेपर्यंतची चित्रं भिंतीवर लावायची, एवढाच त्यांचा हट्ट होता. रेघेचं तेवढं बाकी होतं.

ती दिसायची त्याच वर्षी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ते दवाखान्यात असताना लेकीने मला उघडलं. आरशावर धूळ होती. काका ती कधी पुसत नसत. धुळीने फारसं बिघडत नाही, पण पुसलं की आरशावरचा नाजूक लेप खरवडला जातो. हे लेकीला कुणी सांगितलंच नव्हतं. बाबांना बरं वाटावं म्हणून बिचारीने भांड्यांच्या पावडरीने मला लख्ख घासलं. मला तोंड असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

काका परतले. माझ्यातून त्यांना नुसतं धुकं दिसलं. त्यांनी लेकीला हाक मारली.

"बघ गं, गोळ्याच्या दोन्ही बाजूंना बारीक रेघ दिसते का?"

तिलाही धुकंच दिसलं. पण बाबांचं मन कसं मोडायचं?

"दिसते की, बाबा. अगदी स्पष्ट."

"मग माझाच डोळा गेला म्हणायचा," काका म्हणाले आणि खाली उतरले.

त्यांनी भिंतीवरची चित्रं काढून टाकली. पाट्यांचं कामही सोडलं. ज्याला रेघ दिसत नाही त्याने अक्षरं काढू नयेत, म्हणाले. डोळा धडधाकट आहे, मेलाय तो माझा आरसा. हे फक्त मला ठाऊक आहे आणि माझा जीव आतल्या आत तुटतो.

उद्या काका मला तुमच्या शाळेला देणार आहेत. मित्रांनो, कुणाच्या वस्तूला मायेनेही हात लावण्याआधी त्याला विचारा. आणि काका विचारतील तेव्हा, हात जोडते, खरं सांगा. पण मला धीर वाटत नाही. म्हाताऱ्या पाहुण्यासमोर तुम्ही एकेक जण डोळा लावाल आणि म्हणाल, "दिसतंय काका, छान दिसतंय."